दिवसा हिंडणारा पोल्ह

लोव्रेंत्स स्टेर्ले हा खोटं बोलणारा माणूस नव्हता. पोल्हांच्या बाबतीत तेवढं बोलायचा. अडचण एवढीच, की पोल्हांखेरीज दुसऱ्या कुठल्या विषयावर तो फारसं तोंडच उघडत नसे.

पोल्ह म्हणजे खारीचा रात्रपाळीवाला चुलतभाऊ समजा. करडी लव, झुपकेदार शेपूट, काळेभोर टपोरे डोळे. दिवसभर ढोलीत ढाराढूर आणि अंधार पडला की बुकवाच्या झाडांच्या शेंड्यांवर किचकिचाट. स्नेझ्निक डोंगराच्या पायथ्याशी आमच्या खोऱ्यात शरद ऋतूत परवाने काढून, लाकडी पेट्यांचे सापळे लावून पोल्ह पकडतात. त्यांचा रस्सा करतात, चरबी पोटदुखीसाठी बरणीत राखून ठेवतात आणि कातड्यांची टोपी शिवतात. हे इतकं जुनं आहे, की त्याचं कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते फक्त कुणी किती पकडले याचं. लोव्रो सांगायचा तेवढे त्याने खरंच पकडले असते तर जंगलात पोल्हाची जात उरली नसती. पण त्यातले निम्मे तरी खरे होते, आणि निम्म्यांवरही तो सगळ्यांच्या पुढे होता. म्हणून पोल्हकऱ्यांच्या मंडळाचा तो प्रमुख होता. टोपी घालून तो चर्चला गेला की पाद्रीबाबा आधी टोपीकडे बघत आणि मग लोव्रोकडे.

त्या ऑगस्टमध्ये पोलोना आली, लोव्रोच्या वारलेल्या भावाची एकुलती एक मुलगी. ती ल्युब्ल्यानात डॉक्टरेटचं काम करत होती. स्वयंपाकघरात लोव्रोची बायको तिल्काकाकू आलुबुखार सोलत बसली होती आणि लोव्रो कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीत एका सापळ्याची स्प्रिंग घासत होता. पोलोनाने पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. आत तिखट वासाचं पाण्यासारखं औषध होतं.

"मला पोल्हाचे डोळे हवेत," ती म्हणाली.

"मांस नको, टोपी नको, नुसते डोळे?" तिल्का म्हणाली.

"नुसते डोळे. आणि पोल्ह मेला की लगेच या बाटलीत टाकायचे. उशीर झाला की आतलं सगळं विस्कटतं."

"एवढं काय असतं गं आत?"

पोलोना हाच प्रश्न विचारला जाण्याची वाट बघत होती. तिने एक आलुबुखार उचललं. "डोळ्याच्या मागच्या पडद्यात अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. पेशीत केंद्रक, केंद्रकात गुणसूत्रं. लोकांना वाटतं ती आत शेवयांसारखी गुंतून पडलेली असतात. तसं नाही, काकू. प्रत्येक गुणसूत्राची आपली जागा असते, आपला तुकडा. एकाच्या जागेत दुसरं सहसा घुसत नाही."

"तुझ्या काकाच्या खुर्चीसारखं."

"अगदी तसं. आणि त्यातही शिस्त आहे. जो भाग रोज वाचावा लागतो तो मधल्या मोकळ्या जागेत. जो वाचायची गरज नाही, तो घट्ट गुंडाळून भिंतीला लावलेला."

"मग ही आपली कोठीच झाली की. पिंपं, पेट्या भिंतीला आणि मधे वावरायला जागा."

"हो. पण रात्री हिंडणाऱ्या जनावरांच्या या पेशींत सगळं उलटं असतं. अडगळ खोलीच्या मधोमध एका ढिगात आणि माणसांचा वावर भिंतीकडेने."

तिल्काने सुरी खाली ठेवली. "हे कुठल्या बाईने केलं?"

"तो मधला ढीग बारीकशा भिंगासारखा वागतो. अंधारात येतो तो चार कण उजेड इकडेतिकडे विखरत नाही. उंदराचं पिल्लू जन्मतं ना, तेव्हा त्याचीही खोली आपल्यासारखीच असते. मग काही आठवड्यांत ते सगळं सामान हलवतं. पोल्हाचं आमच्या प्रयोगशाळेत कुणीच बघितलेलं नाही. मला ते बघायचंय. माझं निम्मं काम त्यावर अडलंय."

हे सगळं चाललं होतं तेव्हा लोव्रोचं लक्ष स्प्रिंगकडे होतं. कोठी, भिंत, अडगळ हे शब्द त्याच्या कानावरून गेले आणि त्याला वाटलं बायका कोठी आवरायचं बोलतायत. अशा वेळी मान वर करू नये, हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. पोल्ह हा शब्द ऐकला तेव्हा त्याने मान वर केली.

"किती हवेत? पोतंभर?"

"चार-पाच जोड्या मिळाल्या तरी खूप झालं, काका."

"पोतंभर आणतो. मी शीळ घातली की पोल्ह रांगेत येतात."

नेमका तेव्हा अंब्रोझ त्रुडेन शिडी परत करायला दारात उभा होता. अंब्रोझ म्हणजे शेजारी, शाळेपासूनचा सोबती आणि शाळेपासूनचा दुसऱ्या नंबरचा. "पोलोना," तो म्हणाला, "त्यातली एक बाटली मला दे. याच्या भरवशावर राहिलीस तर म्हातारी होशील आणि डॉक्टरीणबाई व्हायची राहून जाशील."

अशी एक बाटली लोव्रोच्या फळीवर गेली आणि दुसरी अंब्रोझच्या खिशात.

त्या वर्षी पोल्ह ज्यावर जगतात ते बुकवाचं बी धरलंच नाही. असं वर्ष अधूनमधून येतं, आणि तसं वर्ष आलं की पोल्ह शहाणे होतात. पिल्लं घालत नाहीत, फारसे बाहेर पडत नाहीत, लवकर बिळात जाऊन झोपतात. ऑक्टोबर उजाडला. लोव्रोने सफरचंदाच्या फोडी ब्रँडीत बुडवून सापळ्यांत लावल्या. ब्रँडी उडून गेली, सफरचंदं सुकली, पोल्ह काही आला नाही. सगळ्या खोऱ्याची तीच गत होती, त्यामुळे तसं मनाला लावून घेण्याचं कारण नव्हतं. पण एका शनिवारी गुत्त्यात अंब्रोझने बियरचा पेला टेकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी आपली बाटली धाडून दिली बुवा ल्युब्ल्यानाला. एक जोडी. फार नाही, पण शब्द तो शब्द."

सगळ्यांनी लोव्रोकडे बघितलं. लोव्रोने टोपी काढून आतून नीट बघितली, जणू पोल्ह तिथे असायला हवा होता.

त्यानंतर तीन दिवस तो घरात कुणाशी धड बोलला नाही. मग एका सकाळी तो कॉफीचा कप घेऊन दारात आला, तर मांजर पायरीवर बसलेलं आणि त्याच्या पुढ्यात एक तांबडी खार. तिच्यात अजून जरा धुगधुगी होती. लोव्रो बघत असतानाच तीही गेली. डोळे उघडे, काळेभोर, टपोरे.

आमच्याकडे खारीला हात लावायचा नाही असा कायदा आहे. मांजराला तो कुणी वाचून दाखवलेला नाही. लोव्रोने खारीकडे बघितलं, मग फळीवरच्या बाटलीकडे बघितलं. पोरीला डोळे हवेत. हे डोळेच आहेत. डोळ्यावर काय कुणाचं नाव कोरलेलं असतं? पुढची दहा मिनिटं त्याने जे केलं ते त्याच्या सराईत हातांनी केलं, आणि मग लाकडं ठेवायच्या पडवीमागे एक छोटा खड्डा खणला. परत आला तेव्हा तिल्का खिडकीत उभी होती.

"लोव्रो, ती खार होती."

"कुठली खार?"

"तू आत्ता पुरलीस ती."

"ते मांजराचं प्रकरण आहे. त्यात आपण पडायचं नाही," लोव्रो म्हणाला. त्याने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, पोल्ह, नर, मोठा, आणि ती सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती दिली.

दोन-तीन आठवडे मजेत गेले. गुत्त्यात लोव्रो पुन्हा आपल्या जागेवर बसू लागला. त्या पोल्हाची लांबी दर शनिवारी बोटभर वाढत गेली.

मग सेंट मार्टिनचा रविवार आला. या दिवशी द्राक्षाच्या रसाची वाईन झाली असं मानायचं, बदक भाजायचं आणि शेजाऱ्याला बोलवायचं. तिल्काने बदक, लाल कोबी आणि बदकाच्या चरबीत भिजवलेल्या सुक्या पोळीच्या म्लिंत्सी केल्या होत्या. अंब्रोझ स्वच्छ दाढी करून आला होता. पोलोना दुपारच्या गाडीने आली, सगळ्यांच्या गालांना गाल लावले, बदकाची दुसऱ्यांदा वाढलेली फोड संपवली आणि मग पिशवीतून दोन मोठे फोटो काढले.

"आता ऐका," ती म्हणाली. "डोळ्यांचा निकाल लागला."

लोव्रोने काटा खाली ठेवला. ती निकाल असा काही शब्द वापरेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"हा अंब्रोझकाकांचा." पहिल्या फोटोत काळ्यावर निळसर गोलच गोल होते आणि प्रत्येक गोलाच्या मधोमध एक झगझगीत ठिपका. "हे प्रत्येक गोल म्हणजे एक केंद्रक. बघा, न वाचायचा भाग सगळा मधे ढीग करून ठेवलाय. अगदी पुस्तकात सांगतात तसं. रात्रीचं जनावर."

"पोल्हच तो," अंब्रोझ म्हणाला आणि खुर्चीत जरा पसरला.

"आणि हा आपल्या काकाचा." दुसऱ्या फोटोत गोल तसेच होते, पण मधला ठिपका नव्हता. झगझगीत भाग गोलांच्या कडांना लागून बसला होता, थोडा इथेतिथे, आणि मधली जागा मोकळी. "ह्यात सगळं सामान भिंतीला."

"म्हणजे आपल्या कोठीसारखं," तिल्का म्हणाली. ती बदकाकडे बघत म्हणाली.

"कोठीसारखं. माणसासारखं. गाईसारखं. दिवसाउजेडी वावरणाऱ्या जनावरासारखं." पोलोनाने काकाकडे बघितलं. देवळातल्या मूर्तीच्या चेहऱ्यावर असतो तसा निरागसपणा तिच्या चेहऱ्यावर होता. "काका, तुझा पोल्ह जगावेगळा आहे. तो रात्रीचा नाहीच. तो दिवसा हिंडतो."

ऑगस्टमध्ये कानांवरून गेलेले ते शब्द आता एकेक करून लोव्रोच्या कानांत परत आले. कोठी. भिंत. अडगळ. त्या बायका कोठी आवरायचं बोलत नव्हत्या.

"कुठे मिळाला तो तुला?" पोलोनाने पेन काढलं.

"वर. मोठ्या बुकवाखाली."

"किती वाजता?"

रात्री म्हणावं तर फोटो समोर होता. "दुपारी," लोव्रो म्हणाला. "मलाही जरा नवल वाटलं होतं. तीनचा सुमार असेल."

"ऊन होतं?"

"लख्ख."

"आणि तो काय करत होता?"

"बसला होता. बघत होता."

"काय बघत होता?"

लोव्रोने घोटभर वाईन घेतली. "खोरं," तो म्हणाला.

पोलोनाने तेही लिहून घेतलं. तिल्का उठली आणि चुलीशी जाऊन पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. लोव्रोला वाटलं, तिला त्याची काळजी वाटून रडू येतंय.

अंब्रोझची अवस्था वेगळीच झाली होती. त्याचं जनावर बरोबर निघालं होतं, आणि आता त्याच्या लक्षात येत होतं, की बरोबर निघण्याला या टेबलावर काडीची किंमत नाही. जग फिरणार होतं ते लोव्रोच्या पोल्हाभोवती. हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

"दिवसा तर मीही बघितलेत," तो म्हणाला. "माझा तोही दिवसाचाच होता, आठवतंय तसं."

"पण अंब्रोझकाका, तुमचा तर रात्रीचा निघाला."

"मग तिन्हीसांजेचा असेल. धड दिवस नाही, धड रात्र नाही."

"तिन्हीसांजेचं सामान निम्मं मधे आणि निम्मं भिंतीला असतं का गं?" तिल्काने पाठमोरीच विचारलं.

"ते अजून कुणी बघितलेलं नाही, काकू." पोलोनाने फोटो नीट एकावर एक ठेवले. "असो. गुरुवारी मला ल्युब्ल्यानात शास्त्रज्ञांसमोर बोलायचंय. तिथले आहेत, ग्राझचे आहेत, पाडुआचे दोघं येतायत. मी त्यांना सांगणार, की स्नेझ्निकचा पोल्ह दिवसा बघतो. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, पोरी, असं म्हणायला उभी राहणार असशील तर पाय घट्ट रोवून उभी राहा. चुकलीस तर लोक तुला जन्मभर दिवसा-पोल्हवाली म्हणतील, आणि माझ्याकडे तुला जागा राहणार नाही. मी म्हटलं, बाई, डोळे माझ्या काकाने पाठवलेत. माझा काका पोल्हांच्या बाबतीत चुकत नाही."

चुलीत एक लाकूड सरकलं.

लोव्रोला तिथून उठून जावंसं वाटलं. पडवीत जावं, लाकडं फोडावी, शुक्रवारी परत यावं. त्याला अंब्रोझची स्वच्छ दाढी दिसत होती आणि त्या दाढीखाली वाट बघत बसलेलं हसू दिसत होतं. हा माणूस इथे नसता तर सांगून मोकळं होता आलं असतं. हा असताना सांगायचं म्हणजे उद्या गुत्त्यात, परवा चर्चमध्ये आणि तेरवा डोंगरापलीकडच्या खोऱ्यात. टोपी खुंटीला लागायची ती कायमची. चाळीस वर्षं पोल्हांचं बोलत आलेल्या माणसाने आपल्याच तोंडाने खार म्हणायचं. त्याने पोलोनाकडे बघितलं. ती फोटो पिशवीत सरकवत होती. भावाची मुलगी. ती कुठल्यातरी मोठ्या खोलीत फळ्यासमोर उभी आहे, पाडुआहून आलेली माणसं तिला हसतायत आणि ती त्यांना सांगतेय की माझा काका चुकत नाही, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"पोलोना," तो म्हणाला. "गुरुवारी ते बोलू नकोस."

"का?"

"तो पोल्ह नव्हता."

"मग काय होता?"

लोव्रोने तोंड उघडलं. त्याने टेबलाची कड धरली. "खार होती," तो म्हणाला. "तांबडी. मांजराने आणली. मी पुरली ती पडवीमागे. सापळ्यात या वर्षी एक शेपूटसुद्धा आलेलं नाही माझ्या. आणि दुपार नव्हती, सकाळ होती, आणि ती खोरं बघत नव्हती, ती मेलेली होती."

अंब्रोझने आधी तोंडावर हात धरला, मग तोही सोडला. तो हसला ते असं हसला की त्याची खुर्ची मागे सरकली. "खार," तो म्हणाला. "पोल्हकऱ्यांचा प्रमुख, आणि खार. अरे लोव्रो, मला सांगायचंस रे, मी दिला असता एखादा पोल्ह उसना."

लोव्रोला अंब्रोझचा राग येत नव्हता याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. तो पोलोनाकडे बघत होता.

"मला माहीत होतं, काका," पोलोना म्हणाली.

"कधीपासून?"

"पडदा कापून काचेवर ठेवला तेव्हापासून. रात्रीच्या जनावरात या पेशींचा थर जाड असतो, एकावर एक रांगा. तुझ्या जनावरात तो थर इतका पातळ, की मी म्हटलं, हे जनावर दिवस मावळला की झोपतं. मग केंद्रकं बघितली. भिंतीला सामान. मी माझ्या बाईंना बोलावून दाखवलं आणि आम्ही दोघी अर्धा तास हसलो."

"मग मला हे एवढं तळलंस कशाला?" आता मात्र लोव्रो चिडला. "खोरं काय, ऊन काय, लिहून काय घेत होतीस?"

"लहानपणी तू मला सांगितलंस, सैतान चाबूक घेऊन पोल्हांना चरायला नेतो आणि नीट ऐकलं तर चाबकाचा आवाज येतो. मी त्या पायरीवर बसून राहिले होते, काकू ओरडेपर्यंत. ते फिटलं." तिचा आवाज जरा बदलला. "आणि मला बघायचं होतं, तू मला गुरुवारी उभं राहू देतोस का."

लोव्रोने नाक ओढलं. तिल्का चुलीकडून वळली. ती रडत नव्हती हे त्याला आत्ता दिसलं.

"तुलाही माहीत होतं?"

"मी तिला फोन केला होता, बाटली गेली त्याच दिवशी," तिल्का म्हणाली. "ती म्हणाली, सांगू नकोस काकू, मला आधी बघू दे, मला न सांगता कळतं का. कळलं."

अंब्रोझने डोळे पुसले आणि पेला उचलला. "चला, निदान एका घरातून तरी खरा पोल्ह गेला," तो म्हणाला. "पोरी, तुझं काम माझ्यावर तरलं म्हणायचं."

"हो, तुमचं राहिलंच की, अंब्रोझकाका," पोलोना म्हणाली आणि तिने पिशवीतून तिसरा फोटो काढला.

यात गोल निळे नव्हते. प्रत्येक गोलात हिरवे आणि तांबडे डाग होते, एकमेकांना लागून, पण एकमेकांत न मिसळता, प्रत्येक आपल्या तुकड्यात.

"मी म्हटलं ना, प्रत्येक गुणसूत्राची आपली जागा असते. त्या जागा रंगवून बघता येतात. फक्त रंग ज्या जनावराच्या गुणसूत्रांवर बेतलेला असेल, त्याच जनावरात तो असा धरतो. लांबच्या जनावरात फिका पडतो, नाहीतर धरतच नाही. आमच्याकडे शीतकपाटात एक तयार रंग असतो. सहज लावून बघितला, आणि बघा कसा धरलाय. एकेक डाग मोजून घ्यावा."

"छान दिसतोय," अंब्रोझ म्हणाला. त्याचा पेला मधेच थांबला होता. "कसला रंग?"

"उंदराचा."

अंब्रोझने पेला टेबलावर ठेवला.

"उंदीरही रात्रीच हिंडतो," पोलोना म्हणाली, "म्हणून पहिल्या परीक्षेत तुम्ही पास झालात. तुमचं जनावर काकापेक्षा हुशारीने निवडलेलं होतं, ते मी कबूल करते. पण दहा मिनिटांपूर्वी काका बोलला, तेव्हा तुम्हालाही बोलता आलं असतं. मी तुमच्याकडे बघतही होते."

अंब्रोझ पार कोबीसारखा लालजांभळा झाला. तो लोव्रोच्या नजरेला नजर देईना.

लोव्रोने आयुष्यभर या क्षणाची वाट बघितली होती. तीन पिढ्या पुरेल इतकं हसू त्याच्या वाट्याला आलं होतं. पण आत्ताच सगळं ओकून बसलेल्या माणसाला भूक नसते, तसं त्याचं झालं. तो फक्त पोलोनाला म्हणाला, "म्हणजे तुझं काम बुडालंच. एकही पोल्ह नाही."

"पोल्ह पुढच्या वर्षी, बुकवाला बी धरलं की. पण दिवसाचं एक जनावर तुलनेला मला हवंच होतं, आणि खारीला हात लावायची परवानगी मला कुणी दिली नसती. मेल्या मेल्या औषधात पडलेले इतके ताजे डोळे तर कुठूनच मिळाले नसते. गुरुवारी मी तुझी खार दाखवणार आहे, खार म्हणूनच. फक्त खाली लिहावं लागतं, कुठून आली, कुणी आणली. ते छापून येतं. कायम राहतं." तिने पेन हातात धरलं. "नको असेल तर तसं सांग. मी स्थानिक रहिवाशाकडून असं लिहीन."

लोव्रोने खुंटीवरच्या टोपीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"लोव्रेंत्स स्टेर्ले लिही," तो म्हणाला. "पूर्ण. आणि पुढे खार लिही, तांबडी. मंडळाचा प्रमुख तेवढं लिहू नकोस, त्यात मंडळाचा काही दोष नाही."

तिने लिहिलं. तिल्का येऊन त्याच्या खुर्चीच्या मागे उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जो ती सहसा पाहुण्यांसमोर ठेवत नसे.

"आणि माझं?" अंब्रोझने बारीक आवाजात विचारलं. "माझं नको ना लिहायला?"

"उंदीर आमच्याकडे पुष्कळ आहेत, अंब्रोझकाका. तुमचा नाही लागणार."

हे ऐकून अंब्रोझला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याचा चेहरा आणखी पडला. लोव्रोच्या नावापुढे खार का होईना, छापून येणार होती, आणि त्याचं पुन्हा तेच, दुसरा नंबर. तो पेल्यात बघत बसला. लोव्रोने बाटली उचलली, त्याचा पेला काठोकाठ भरला आणि पोल्हकरी एकमेकांना जसं विचारतात तसं विचारलं, "केवढा होता रे?"

अंब्रोझने मान वर केली. त्याने पेला बाजूला ठेवला, दोन्ही हात टेबलावर आणले आणि हळूहळू एकमेकांपासून लांब नेत गेला. बदकाची परात ओलांडून हात पुढे गेले. एवढा उंदीर सबंध खोऱ्यात कुणी बघितलेला नव्हता.

"बाप रे," लोव्रो म्हणाला. "मोठाच होता."